नुसती बसलेली मुलगी

परवा दुपारी जेवणं आटोपून ओटा पुसत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. हातात वाटी नव्हती, म्हणजे काही द्यायला-घ्यायला आलेल्या नव्हत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ''ताई, तुम्ही जरा बोला हो तिच्याशी. तुमचं ऐकते ती.''

'ती' म्हणजे त्यांची धाकटी. नुकतीच एम.टेक. झालेली. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र हातात आहे. पगाराचा आकडा वहिनींनी मला अगदी कानाशी येऊन सांगितला (घरात आम्ही दोघीच होतो तरीही!). आणि पोरगी म्हणते, नोकरी नको, चेन्नईला जाऊन पीएच.डी. करायची. कशात, तर कॉम्प्युटरमध्येच. पण त्यात कॉम्प्युटर लागत नाही म्हणे!

''आता तुम्हीच सांगा, कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटरचं शिक्षण, हे कुठे ऐकलंय का? आणि दिवसभर नुसती बसून असते हो. खिडकीपाशी. पुढ्यात वही. मध्येच काहीतरी खरडते, खोडते, परत बाहेर बघत बसते. परवा म्हटलं, बसलीच आहेस तर एवढी कोथिंबीर तरी निवड. तर केवढी चिडली!''

मला हसू आलं. 'बोलते' म्हणून कबूलही करून बसले. मी बी.ए. मराठी. संगणकाशी माझा संबंध मंडळाची पत्रं टाइप करण्यापुरता. पण समजूत घालायला विषय कशाला कळायला हवा, अशी आपली समजूत! संध्याकाळी तिला बोलावलं, आणि तिला समजवायला गेलेली मीच दोन तासांनी डोकं गरगरत स्वयंपाकघरात परतले. कुकर लावायला साडेआठ वाजले त्या दिवशी.

तिने मला पंगतीवरून समजावलं. ''काकू, समजा तुमच्या मंडळाच्या पन्नास जणींची एकच सलग पंगत मांडायचीय. कोण कोणाच्या शेजारी बसणार नाही, त्याची यादी तुमच्याकडे आहेच.'' (आहे. पाठ आहे.) ''आता कुणी पंगत बसवून दाखवली, तर ती बरोबर आहे का हे तुम्ही एका फेरीत सांगाल. पण अशी पंगत मुळात बसवायची कशी? आणि बसवता येणारच नसेल, तर ते तरी कसं कळणार? एकेक रचना करून बघायची म्हटली तर पन्नास जणींच्या रचना होतात तीनावर चौसष्ट शून्यं, जवळजवळ एवढ्या. जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर लावला तरी त्या संपायच्या नाहीत.'' मग काहीतरी युक्ती हवी. अशी युक्ती असतेच का? की अशा प्रश्नांना झटपट युक्ती असूच शकत नाही? १९७१ साली टोरांटोच्या स्टीफन कुक यांनी हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. अजून ते कुणीही उचललेलं नाही.

म्हणजे थिअरीवाली माणसं प्रोग्रॅम लिहीत नाहीत. कोणतं काम किती पायऱ्यांत होऊ शकतं आणि त्याहून कमी पायऱ्यांत का होणारच नाही, हे ती गणिताने सिद्ध करतात. आज हे यंत्र, उद्या ते. सिद्ध झालेली गोष्ट मात्र यंत्र बदललं म्हणून बदलत नाही. आणि यासाठी लागतं काय? वही, पेन आणि फळा. प्रयोगशाळा नाही, परदेशातून मागवायची उपकरणं नाहीत. २००२च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ओळखण्याची रीत शोधली, तेव्हा जगभरातून कौतुक झालं. त्यातले दोघे तर नुकतेच बी.टेक. झालेले होते. (त्यांना त्या दिवसांत कुणी कोथिंबीर निवडायला सांगितली असेल असं काही मला वाटत नाही.)

''पण चेन्नईच का?'' मी आपला वहिनींचा प्रश्न पुढे केला. पुण्यामुंबईत काय कमी आहे? आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआर आहे, पवईला आयआयटी आहे. यावर तिने जे सांगितलं, ते ऐकून मात्र मी हातातली भाजीची परात बाजूला ठेवली.

गाण्यात असतं तसं इथे घराणं असतं. कोणाकडे शिकलात, त्या कोणाकडे शिकल्या, ही माळ असते. तिला जिथे जायचंय तिथली माळ सुरू होते राणी शिरोमणी या बाईंपासून. ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्या शिकवायच्या. आपल्या देशात कॉम्प्युटर नुसता बघायला मिळणंही मुश्कील होतं, त्या काळात त्यांनी या विषयात संशोधन सुरू केलं. विषय कोणता, तर व्याकरण! चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात व्याकरणाचे नियम गणितासारखे मांडले आणि ते संगणकशास्त्राने उचलले, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही बी.ए.ला दामल्यांचं व्याकरण घोकलं ते मार्कांपुरतं. मोजक्या नियमांतून अगणित वाक्यं तयार होतात. मग तशीच मोजक्या नियमांतून अगणित चित्रं का होऊ नयेत, असा राणीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा विचार.

आणि चित्रं कोणती घेतली? रांगोळी. तिकडचं कोलम. रोज पहाटे उंबऱ्यापुढे सडा टाकून तांदळाच्या पिठाने काढतात ते. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी रेघ. १९७४ साली गिफ्ट शिरोमणी, राणी शिरोमणी आणि त्यांची विद्यार्थिनी कमला कृतिवासन अशा तिघांचा कोलमच्या व्याकरणावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गिफ्ट हे राणीबाईंचे यजमान, त्याच कॉलेजात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. आपल्यालाही ठाऊक आहे, पाच ठिपक्यांची रांगोळी नीट 'समजली' की तीच अकराची काढता येते, एकवीसचीही काढता येते. नवीन काही पाठ करावं लागत नाही, तोच नियम वाढवत न्यायचा. हे 'तोच नियम वाढवत न्यायचा' म्हणजे नेमकं काय, ते त्यांनी गणिताच्या भाषेत लिहिलं. पुढे कोलमचे हे नमुने परदेशातल्या संगणकवाल्यांनीही अभ्यासाला घेतले.

मी माझ्या आईची आठवण काढली. श्रावणात तिच्या रांगोळीला अख्खी आळी बघायला यायची. तिला कुणी विचारलं असतं की हे कसं करतेस, तर म्हणाली असती, 'कसं म्हणजे? येतं.' तिच्या बोटात जे होतं त्याला व्याकरण आहे, हे तिला कळलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे. कदाचित काहीच नाही. दूध उतू जाईल म्हणून उठून गेली असती.

तर ही माळ. राणीबाईंच्या विद्यार्थिनी कमला कृतिवासन पुढे चेन्नईच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या. त्यांची फळ्यापुढची व्याख्यानं एनपीटीईएलवर कुणालाही फुकट बघता येतात. आमच्या पोरीने बी.ई.ला असताना हा विषय तिथूनच मोबाइलवर बघून शिकला. वर्गातल्या सरांनी तो 'ऑप्शनला टाका' म्हणून सांगितलं होतं. कमलाबाईंकडे पीएच.डी. केली मीना महाजन यांनी. त्यांचं आधीचं शिक्षण आपल्या पवईच्या आयआयटीतलं. पुढे त्या चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये गेल्या, तिथे संशोधन केलं, विद्यार्थी घडवले. आणि मीनाबाईंकडे शिकल्या नूतन लिमये.

लिमये म्हटल्यावर अर्थातच माझे कान टवकारले! नूतनबाईंनी पवईला आयआयटीत बरीच वर्षं शिकवलं, आता त्या डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला आहेत. २०२१ साली त्यांनी श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबास्तियन तावेना यांच्याबरोबर एक गोष्ट सिद्ध केली. मला समजली तेवढी सांगते. गणितातलं एक मोठं पद नुसत्या बेरजा आणि गुणाकार करून काढायचंय. बेरजांचा एक मजला, त्यावर गुणाकारांचा, परत बेरजांचा, अशी इमारत रचायची. मजले मात्र ठरावीकच. चार तर चार, दहा तर दहा. तर काही पदं अशी आहेत की ती ठरावीक मजल्यांत बसवायची म्हटली तर इमारत आडवी इतकी अफाट पसरते, की कुणालाही परवडू नये. अगदी थोड्या मजल्यांपलीकडे हे सिद्ध करणं कित्येक वर्षं कुणाला जमलं नव्हतं. त्या वर्षीच्या एफओसीएस या परिषदेत त्यांच्या निबंधाला सर्वोत्कृष्ट निबंधाचा मान मिळाला. या विषयात त्याहून मोठी परिषद नाही म्हटलं तरी चालेल.

एक गंमत मला फार आवडली. या विषयात निबंधावर नावं छापतात ती इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने. मोठे सर आधी, मग धाकटे, मग कामाला जुंपलेली मुलगी शेवटी, असं नाही. लिमये, श्रीनिवासन, तावेना. एल, एस, टी. आमच्या मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर हा नियम लावायचा म्हटलं तर निम्मी भांडणं मिटतील. (उरलेली निम्मी 'अ' आडनावाच्या बाईंवरून होतील.)

इथवर सगळं छान. आता वहिनींची बाजू. त्या काही खलनायिका नाहीत. शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू आहेत, यजमान दोन वर्षांनी निवृत्त होतील. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं. केंद्र सरकारच्या संशोधन शिष्यवृत्तीचा दर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार असा आहे. कंपनीच्या पगारापुढे हे काहीच नाही. त्यानंतर 'पोस्टडॉक'. दोन वर्षं एका देशात, दोन वर्षं दुसऱ्या. मग कुठे प्राध्यापकाची नोकरी, तीही जागा निघाली तर. तोवर मुलगी तिशी ओलांडते. लग्न करायचं तर नवऱ्याची नोकरी एका गावाला आणि हिची दुसऱ्या. हे कोडं जगभरातल्या संशोधक जोडप्यांना पडतं आणि बहुतेक वेळा ते कोणी सोडवायचं हे आपल्याला न सांगताही कळतं.

शिवाय इतकं करून हाती काही लागेलच असं नाही. वर्षभर एका प्रश्नापाशी बसायचं आणि वर्षअखेरीला कळतं, ही वाट बंद आहे. निबंध परत येतात. शफी गोल्डवासर या बाईंना २०१२ साली संगणकशास्त्रातलं सर्वोच्च ट्युरिंग पारितोषिक मिळालं, सिल्व्हिओ मिकाली यांच्याबरोबर. आपल्याला एखादं गुपित ठाऊक आहे हे ते गुपित न फोडता सिद्ध कसं करायचं, हा त्यांचा गाजलेला निबंध परिषदांनी एकदा नव्हे, अनेकदा परत पाठवला होता. १९८५ साली तो स्वीकारला गेला. अशा गोष्टी आपण नंतर कौतुकाने सांगतो. पण निबंध परत आलेल्या दिवशी घरात कुणी कौतुकाने बघत नाही, 'काय झालं तुझ्या त्या अभ्यासाचं?' असंच विचारतात. 'मन म्हणेल ते कर' असा सल्ला ऊठसूट देणाऱ्यांच्यातली मी नाही. ज्यांच्या घरी हप्ते नसतात त्यांना तो सल्ला द्यायला सोपा जातो.

तरीही वहिनींना मी 'तिला अडवा' असं सांगू शकले नाही. कारण पैशांचा हिशेब वहिनी करताहेत तो खराच आहे, पण पोरीला खरी अडचण पैशांची वाटतच नाही. मी तिला सरळ विचारलं, ''यातलं सगळ्यात कठीण काय गं? गणित?'' तर म्हणाली, ''नाही काकू. सलग चार तास.''

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. एखादा प्रश्न डोक्यात नुसता उभा करायलाच तास जातो. सगळे तुकडे डोळ्यांपुढे एकाच वेळी धरावे लागतात, कागदावर ते मावत नाहीत. ते उभे राहतात न राहतात तोच बेल वाजते. कुरिअर. किंवा 'जरा गॅस बारीक कर गं'. काम असतं अर्ध्या मिनिटाचं, पण परत येऊन बसेपर्यंत सगळा पत्त्यांचा बंगला कोसळलेला असतो. परत पहिल्यापासून. ''आणि आई म्हणते, एवढ्याने काय बिघडतं? तिला वाटतं मी बसलेलीच तर आहे.''

बसलेलीच तर आहे! किती वेळा म्हटलं असेल मी हे. भावाच्या मुलाची बारावी होती तेव्हा त्याच्या खोलीबाहेर आम्ही चपला हातात घेऊन चालत होतो. तो आत मोबाइल बघत होता हे नंतर कळलं, ते सोडा. पण मुलगा टेबलापाशी बसला की तो 'अभ्यास करतोय', आणि मुलगी बसली की ती 'मोकळी आहे'. हातात पुस्तक असलं तर एक वेळ चालतं. लॅपटॉप असला तर हल्ली अधिकच चालतं, 'वर्क फ्रॉम होम' म्हणून तेवढा मान आहे. पण बाईमाणूस खिडकीबाहेर बघतंय, हात रिकामे, आणि ते काम करतंय, हे आपल्या घरांना पटतच नाही. आपल्याला स्वतःला तरी कुठे पटतं? टीव्ही बघतानाही आपण शेंगा सोलतो. माझ्या आईने रांगोळीच्या वेळा सोडल्या तर रिकाम्या हातांनी बसलेलं मी तिला पाहिल्याचं आठवत नाही. आणि रांगोळीसुद्धा दारात पहाटे, घर उठायच्या आत.

ज्या शास्त्राला वही-पेनाखेरीज काही लागत नाही ते गरिबाघरच्या मुलीला किती सोयीचं, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. ते तसं नाही. त्याला लागणारी वस्तू बाजारात मिळत नाही, कर्ज काढूनही आणता येत नाही. ती घरातल्या माणसांनी द्यावी लागते. फीचे लाखभर रुपये देणारे आईबाप दुपारचे चार तास द्यायला तयार नसतात. मुद्दाम नव्हे. तेही काही द्यायचं असतं, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

घरी आल्यावर मला चैन पडेना. आमच्या महिला मंडळाची अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, सकाळी सात ते रात्री दहा, महिना नाममात्र फी. आम्ही ती मोठ्या अभिमानाने चालवतो, वार्षिक अहवालात मुलींची संख्या ठळक छापतो. दुसऱ्या दिवशी जाऊन मागच्या तीन महिन्यांची नोंदवही काढली. येण्याची वेळ, सही, जाण्याची वेळ. मुलांची जाण्याची वेळ साडेनऊ, पावणेदहा, दहा. मुलींची सहा, सहा, सव्वासहा, सहा. पानामागून पान. संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ. इतकी वर्षं ती वही माझ्या कपाटात आहे आणि मी फक्त सह्या मोजत आले.

त्याहून वाईट म्हणजे काही मुलींच्या नावांपुढे दिवसात दोन-दोनदा जाण्या-येण्याच्या वेळा होत्या. दुपारी चार ते साडेचार. मला वाटलं, घरी चहाला जात असतील. मग आठवलं. चार वाजता आमच्या कार्यकारिणीच्या बैठका असतात, आणि 'अगं, जरा दोघीजणी या, कप मांडायला' म्हणून आतल्या मुलींना हाक मारायची पद्धत आहे. हाक मारणारी मीच. त्या दोघींमध्ये तीन वर्षांपूर्वी, बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला असताना, शेजारच्या वहिनींची धाकटी कायम असायची. तिची सही ओळखली मी, जुन्या वहीत. तिने मला हे त्या संध्याकाळी सांगितलं नाही. 'आई' म्हणाली, 'काकू' म्हणाली नाही.

वहिनींना मी अजून काही उत्तर दिलेलं नाही. जिन्यात भेटतात, प्रश्नार्थक बघतात. मी 'बोलणं चालू आहे' म्हणते. काल त्यांच्याकडे गेले होते तर ती खिडकीपाशीच बसलेली होती, वहिनी आत कोथिंबीर निवडत होत्या. मी वहिनींच्या शेजारी बसून अर्धी जुडी घेतली. बेल वाजली तेव्हा वहिनी हाक मारायला तोंड उघडणार, इतक्यात मीच उठले. इस्त्रीवाला होता.

येत्या गुरुवारच्या बैठकीत दोन ठराव ठेवतेय. चहाचे कप यापुढे कार्यकारिणीने स्वतः मांडायचे, हा पहिला. तो मंजूर होईल. दुसरा, आठवड्यातले निदान चार दिवस मुलींनी रात्री दहापर्यंत बसावं यासाठी त्यांच्या घरी जाऊन बोलायचं, आणि परतताना सोबतीला आमच्यातल्या दोघींनी पाळीपाळीने जायचं. याला आतापासूनच दोघींचा विरोध आहे. 'संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार?' असा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यातल्या एकीची मुलगी आमच्याच अभ्यासिकेत येते. सहाला जाते.